चौथा दात

गळ्याएवढ्या पाण्यात उभा राहून आपोरोसी भाषण म्हणत होता. सकाळचं धुकं अजून नदीवरून उठलं नव्हतं, पण त्याचा आवाज चांगलाच उठला होता.

"आमच्या माना खाली आहेत. आमचे पाय चिखलाचे आहेत. हा दात लहान आहे, आमचा अपराध मोठा आहे..."

"माशांची माफी मागताय का हो, आपोरोसीदादा?" काठावर कपडे धुणाऱ्या बायकांतून कुणीतरी ओरडलं.

"मागायलाच पाहिजे! जन्मभर खात आलोय त्यांना."

बायका खिदळल्या. आपोरोसीने खळखळून चूळ भरली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. साठीला आलेला माणूस, पण आज त्याच्या छातीत नवरदेवासारखी धडधड होती. वाइतोलु गावाच्या वतीने बोलायचं काम त्याच्या घराण्याचं. लग्न असो, मर्तिक असो, कुणाची मनधरणी असो, देवमाशाचा दात दोन्ही हातांत धरून पुढे सरकायचं आणि बोलायचं ते आपोरोसीने. सव्वीस वर्षांत त्याचा शब्द कुठूनही रिकामा परत आला नव्हता. पुतण्याची बायको केलेरा तीनदा माहेरी निघून गेली होती आणि तीनदा दात नेऊन त्याने तिला परत आणलं होतं. आज चौथी खेप होती, आणि गाव पैज लावून बसलं होतं की या खेपेला म्हातारा रडवणार.

घरी आला तेव्हा पुतण्या वैसाके पायरीवर बसून पाणी पीत होता. तांब्यावर तांब्या, घटाघटा.

"पोटात विहीर खणलीस काय रे?"

वैसाके हसला नाही. पोरका झाल्यापासून तो आपोरोसीच्याच घरात वाढला होता. आता तिशी ओलांडलेला दणकट गडी, यांगोन्याच्या ओल्या मुळांची दोन पोती एका दमात डोंगरावरून उतरवणारा. डावा पाय अनवाणी, उजव्या पायात गुडघ्याएवढा रबरी बूट. सहा आठवड्यांत त्याने तो बूट माणसांसमोर काढला नव्हता.

"केलेराच्या चुलत्याच्या, इलाइतियाच्या दाराशी तरी काढावा लागेल तो," आपोरोसी म्हणाला.

"आत मोजे आहेत."

"दुखतो का?"

"अजिबात नाही," वैसाके म्हणाला, आणि ते खरंच होतं.

घरामागच्या पत्र्यावर यांगोन्याची, कुटून पाण्यात कालवून प्यायची मुळं वाळत पडली होती. वाळत म्हणजे निम्मी कुजत. खणायचं काम पुरुषांचं, पण धुवायचं, चिरायचं, उलटंपालटं करायचं काम केलेराचं होतं, आणि तिच्या हातचा माल कधी बुरसला नव्हता. आता एकटी माकेरेता, आपोरोसीची बायको, गुडघे धरत पत्र्यापासून चुलीपर्यंत हेलपाटे घालत होती. घराच्या कोपऱ्यात केलेराची अर्धवट विणलेली चटई होती. पात्यांची टोकं वाळून वर वळली होती. माकेरेताने एकदा पुढे विणायचा प्रयत्न करून पाहिला, पण तिची वीण घट्ट, केलेराची मोकळी. चार बोटं विणून तिने उसवून टाकलं.

सहा आठवड्यांपूर्वीची ती संध्याकाळ आपोरोसीला आठवायची नव्हती, पण आज भाषणाच्या मधल्या जागांत ती सारखी शिरत होती. गावच्या मांडवात पुरुष यांगोना पीत बसले होते. लाकडी परात मधोमध, करवंटी हातोहात फिरतेय, जिभा बधिर, डोळे सुखावलेले. केलेरा मांडवाच्या कडेला आली, बसली, आणि हळू आवाजात म्हणाली, "वैसाके, उद्या नर्सबाईंकडे जाऊ या. पायाला वास येतोय."

हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. आणि अशा क्षणी मांडवाला ज्याच्याकडे बघायची सवय होती, तो आपोरोसी म्हणाला, "पायाचं जाऊ दे गं, बाकीचं सगळं शाबूत आहे ना?"

काय हसले सगळे! परात हलली, यांगोना सांडला. वैसाकेसुद्धा हसला. दात दिसत होते, पण मानेची शीर उडत होती. ते आपोरोसीला दिसलं होतं. तरी त्याने पुढची करवंटी घेतली. तासाभराने घरातून ओरडण्याचा आवाज आला तेव्हा माकेरेता धावली, तिच्यामागून हा. वैसाकेने केलेराचं उजवं मनगट दोन्ही हातांत धरून काटकी मोडावी तसं मोडलं होतं. पहाटे ती चार वर्षांच्या लेकीला, लोसानाला पाठीशी बांधून नदीच्या वरच्या अंगाला, माहेरी नाइदामुला निघून गेली. नाइदामुला जायला होडीने अडीच तास लागतात. ती चालत गेली.

आता निघायची गडबड उडाली. डुकराचे पाय बांधायचे, अळूच्या कांद्यांच्या मोळ्या मोजायच्या, यांगोन्याचं अख्खं झाड मुळासकट सजवायचं. आपोरोसी मधोमध उभा राहून हुकूम सोडत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. डुकराने एकदा दोर तोडला आणि भजनाला बसलेल्या म्हाताऱ्यांमधून पळालं. तेव्हा हसून हसून आपोरोसीच्याच डोळ्यांतून पाणी आलं.

दात मात्र त्याने कुणाच्या हाती दिला नाही. घरचे तिन्ही दात आधीच्या तीन खेपांत गेले होते. हा माकेरेताच्या भावाने दिलेला. त्यालाही तो कुठल्यातरी मर्तिकात मिळाला होता. काय दात होता! वीतभर लांब, हातात घेतला की मनगट झुकायचं, धुरावर आणि तेलावर मुरून मधासारखा तांबडा झालेला. जुनी दोरी विरली होती म्हणून आपोरोसीने ती कापून टाकली आणि दोन दिवस बसून नवी वळली. टोकाकडे नखाएवढा टवका उडाला होता, तेवढंच वैगुण्य.

"कुठंतरी बघितल्यासारखा वाटतो गं," खोबरेल चोळता चोळता तो म्हणाला.

माकेरेताने दात हातात घेतला, टवक्यावरून बोट फिरवलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"पुरुषांना सगळे दात सारखेच दिसतात," ती म्हणाली.

"आज आणणार मी पोरीला. बघशील तू."

"आणाल. मग?"

"मग काय? मग संसार करतील. वैसाके मनाने वाईट नाही. हल्ली जरा तापट झालाय."

"हल्ली नाही. लोसानानंतर दुसरं होईना, तेव्हापासून." माकेरेताने दात त्याच्या मांडीवर ठेवला. "का होईना ते तिला माहीत आहे, त्याला माहीत आहे, आणि मला न सांगता माहीत आहे. रक्तातली साखर आधी माणसाला अंथरुणात हरवते. आणि अंथरुणात हरलेला पुरुष सकाळी ताटावरून भांडतो."

"तुला गं काय माहीत?"

"तुमच्याकडूनच शिकले," ती म्हणाली आणि पत्र्यावरची मुळं उलटायला निघून गेली.

आपोरोसी दाताला तेल चोळत बसला. नको इतकं चोळलं. दात हातातून निसटायला लागला तेव्हा पुसायला फडकं शोधावं लागलं.

होडीत सात जणं, एक डुक्कर आणि अळूचा ढीग. इंजिन फटफटत होतं, दोन्ही काठांचे डोंगर मागे सरकत होते. गावोगावची पोरंटोरं काठाने धावत ओरडत होती, "आपोरोसी चालला! आपोरोसी चालला!" खळखळाटाच्या जागी सगळ्यांनी उतरून होडी ढकलली. वैसाकेही उतरला. त्याच्या बुटात पाणी शिरलं. होडीत परत चढल्यावर त्याने बूट काढून उलटा केला नाही, तसाच बसला.

माकेरेताच्या मांडीवर भलंमोठं बोचकं होतं.

"एवढं काय घेतलंस?" आपोरोसीने विचारलं.

"तिची चटई."

"अगं, ती तर परत येणार आहे! चटई कशाला वाहून नेतेस?"

"असू दे," माकेरेता म्हणाली.

नाइदामुच्या काठावर माणसं आधीच जमली होती. ही दोन्ही गावं पूर्वापार एकमेकांची टिंगल करणारी, त्यात कुणी कुणावर रागवायचं नाही. होडी टेकायच्या आधीच सुरुवात झाली.

"आले का वाइतोलुचे! डुक्कर कोणतं आणि पाहुणा कोणता, सांगा आधी!"

"ज्याचं तोंड बांधलंय ते डुक्कर," आपोरोसी ओरडला. "तुमच्या गावात उलटं असतं!"

हशा उसळला. आपोरोसी चिखलात उतरला तो तरण्या पोरासारखा. असं काही असलं की त्याचे गुडघेही दुखायचे नाहीत. चढाची वाट होती, दोनशे पावलं तरी. वैसाके सगळ्यांच्या पुढे ताडताड चालत होता. फक्त थोडा लंगडत होता. वाटेत जुन्या पडक्या घराच्या फळ्या पसरल्या होत्या, त्या तुडवतच सगळे वर आले.

इलाइतियाच्या घरात चटयांवर चटया अंथरल्या होत्या. दाराशी सगळ्यांनी पायताणं काढली. वैसाकेने बूट काढला. आत दोन जाड मोजे, एकावर एक. तो मान खाली घालून दाराकडच्या बाजूला, अपराध्यांच्या जागी बसला. समोर, वरच्या बाजूला इलाइतिया. केलेराचा थोरला चुलता, घराण्यातला कर्ता. त्याच्यामागे पुरुष, पुरुषांच्या मागे बायका. बायकांत केलेराची आई उनाइसी, मांडीवर लोसाना. केलेरा दिसत नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात असणार, तशीच रीत होती.

आपोरोसी गुडघ्यांवर पुढे सरकला. दात दोन्ही तळहातांवर.

"आमच्या माना खाली आहेत," त्याने सुरुवात केली.

आणि मग ते भाषण जे काही लागलं! आवाज कुठे चढवायचा, कुठे सोडायचा, कुठे थांबून दुसऱ्याला श्वास घ्यायला लावायचा, सगळं आपोआप होत गेलं. तुमच्या घरातून आम्ही दिवा नेला आणि विझवला, असं तो म्हणाला तेव्हा मागच्या बायकांपैकी एकीने डोळ्यांना झग्याची बाही लावली. आमच्या घरात चूल आहे पण राख तुमच्या कपाळी आली, असं म्हणाला तेव्हा इलाइतियाने खाली बघितलं. आपोरोसीच्या अंगावर स्वतःच्याच आवाजाने काटा आला. जिंकलो, असं त्याला वाटलं.

"हा दात लहान आहे. आमचा अपराध मोठा आहे. घ्या, आणि आम्हाला मान वर करू द्या."

इलाइतियाने दात घेतला. घेतला म्हणजे माफ केलं. आता चार वाक्यं बोलायची, तळहातांची वाटी करून टाळ्या वाजवायच्या, यांगोन्याची परात पुढे आणायची.

"भाऊजी, जरा थांबा," मागून उनाइसी म्हणाली. "इकडे द्या बघू."

असं मधे कुणी बोलत नसे. इलाइतियाला काय करावं ते कळेना, त्याने दात मागे दिला. उनाइसीने तो बघितलाच नाही. नुसता अंगठा फिरवला, टोकाकडे नेला आणि टवक्यात बसवला.

"हा आमचा आहे."

"आता आमचाच झाला की," इलाइतिया म्हणाला.

"आता नाही. आधीपासून. वादळात तुळई पडली, पेटी फुटली, तेव्हा हा टवका उडाला. घर पुन्हा उभं राहीपर्यंत ह्याच्यात असा अंगठा घालून मी तीन महिने झोपलेय." ती आपोरोसीकडे बघत होती. "तुम्हीच आणला होतात, आपोरोसीभाऊ. पहिल्यांदा. केलेराचा कान फुटला होता तेव्हा. हे गेले त्या मर्तिकात आम्ही तो खालच्या गावच्या पाहुण्यांना दिला. तिथून फिरत फिरत तुमच्याकडे आला, आणि तुम्ही परत आमच्याच दारात आणलात."

मग मागच्या रांगेतून कुणाला तरी राहवलं नाही.

"पुढच्या खेपेला आमच्याच घरून घेऊन जा हो, आपोरोसी! होडीचं तेल वाचेल!"

घर हशाने दणाणलं. आपोरोसीचे कान तापले. सव्वीस वर्षांत लोक त्याच्या बोलण्यावर हसले होते, त्याच्यावर कधी नव्हते.

"दात फिरतो," तो घाईघाईने म्हणाला. "फिरायसाठीच असतो. त्यात दोष नाही."

"खरं आहे," इलाइतियाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "दोष नाही. दात आला, आम्ही घेतला—"

"घ्या, थोरले बाबा," दारातून आवाज आला. "दाताशी माझं भांडण नाही. पण त्याच्याबरोबर हेही घ्या."

केलेरा आत आली होती. वाकून नाही, ताठ. उजवं मनगट वाकडं जुळलं होतं, तो हात पोटाशी होता. डाव्या हातात वैसाकेचा बूट होता. ती सरळ मधोमध आली आणि तिने तो चिखलाचा बूट चटईवर, इलाइतियाच्या पुढ्यात ठेवला.

"पायताण! आत!" एक म्हातारा किंचाळलाच.

"माहीत आहे मला. आत बघा."

कुणी हलेना. तिने बूट उलटा धरून आपटला. लालसर पाणी सांडलं. मग तिने तो सगळ्यांना दिसेल असा धरला. तळातून एक खिळा आत आला होता, करंगळीएवढा, टोक वर.

"खालच्या फळ्यांतला असेल. ह्याच्यावर पाय देत तो चढ चढून आला. विचारा त्याला, लागलं का?"

वैसाकेने पहिल्यांदाच मान वर केली. "कुठला खिळा?"

आता कुणी हसलं नाही.

"त्या संध्याकाळी मी एवढंच म्हणाले होते," केलेरा म्हणाली. "पायाला वास येतोय, चल. एवढंच. मोजा काढ, वैसाके. इथेच. सगळ्यांसमोर."

वैसाके उभा राहिला. मानेची ती शीर उडायला लागली, मुठी वळल्या. "तू पुन्हा चारचौघांत..." त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि चटईवर ओला तांबडा ठसा उमटला. लोसानाने आजीच्या कुशीत तोंड खुपसलं. केलेराचे दोन चुलतभाऊ उठले. केलेरा जागची हलली नाही, पण वाकडा हात तिने पाठीमागे नेला.

तो हात पाठीमागे गेलेला आपोरोसीने बघितला. असल्या प्रसंगी बोलायला तर तो जन्माला आला होता, आणि त्याला एक शब्द सुचेना. तो बदकन खाली बसला आणि त्याने उजवा पाय लांब केला. सरळ, तळवा इलाइतियाच्या तोंडासमोर.

कर्त्या माणसाकडे, दातासमोर, तळवा! पोरंसुद्धा असं करत नाहीत.

"आपोरोसी! पाय!" इलाइतिया गरजला.

"बघा. नीट बघा," आपोरोसी म्हणाला. "निखारा ठेवा ह्याच्यावर, मला कळणार नाही. तीन वर्षं झाली. नर्सबाईंनी साखर सांगितली, कार्ड दिलं, गोळ्या दिल्या. कार्ड मी भजनाच्या पुस्तकात ठेवलं आणि गोळ्या नदीत टाकल्या. गावासाठी बोलणारा माणूस आजारी म्हणून मला मिरवायचं नव्हतं. आणि त्या संध्याकाळी विनोद मी केला होता. पोरगी चांगलं सांगायला आली होती. मी तिचं हसं केलं, पोराचं हसं केलं. मोडलं त्याने. पण हसलो मी." त्याने दम घेतला. "माकेरेतावरही मी हात उचललाय. ज्या वर्षी पाय बधिर झाला, त्या वर्षी सगळ्यात जास्त."

माकेरेता चटईची काडी कुरतडत होती. तिने वर बघितलं नाही.

वैसाके काकाच्या तळव्याकडे बघत होता. मुठी सुटल्या. तो खाली बसला आणि मोजा ओढायला लागला. वरचा निघाला. आतला पायाला चिकटला होता, तो सोलावा लागला. मग तो वास घरभर पसरला आणि पुढच्या रांगेतले लोक मागे सरकले. दोन बोटं काळी पडली होती. टाचेजवळ खिळ्याचं नवं भोक होतं, आणि त्याच्याशेजारी जुनं, रुपयाएवढं, पानं कोंबून बुजवलेलं.

"मला कळलंच नाही, केलेरा." एवढा थोरला गडी हुंदके देऊन रडायला लागला. "शपथ घेतो. मला काही कळलंच नाही."

"पाय कळला नसेल," केलेरा म्हणाली. तीही आता रडत होती. "माझं मनगट तुझ्या हातांत होतं. हात बधिर नव्हते तुझे. ते तुला कळत होतं."



"मग पोरी, जातेस ना त्याच्याबरोबर?" मागून कुणी म्हातारी म्हणाली. "बघ कसा रडतोय."

"नाही. पाय दाखवला म्हणून माझा हात सरळ होत नाही." तिने डाव्या हाताने डोळे पुसले. "होडी उभी आहे ना? मग सगळे बसलात काय? न्या त्याला दवाखान्यात. बोटं गेली तर गेली, पाय वाचवा!"

त्यावर एकच गलका उडाला. "दार काढा रे! दार काढा!" इलाइतियाच्या स्वयंपाकघराचं दार बिजागरीतून उचकटलं गेलं, त्याच्यावर वैसाकेला आडवं घातलं. मघाशी मारायला उठलेले ते दोन चुलतभाऊच पुढच्या टोकाला होते. उनाइसीने दात कमरेच्या फडक्यात बांधला आणि गाठीवर गाठ मारली.

"हा आता कुणाच्या मर्तिकाला जाणार नाही," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "आमच्या घरातून हा बाहेर पडणार नाही. म्हणजे परत आणायला कुणाला मिळणार नाही."

"आमचं डुक्कर तरी?" आपोरोसीने सवयीने विचारलं.

"डुक्कर ठेवतो!" चार जणं एकदम ओरडले, आणि पळता पळता लोक हसले.

चढाची वाट उताराची झाली होती. आपोरोसी दाराच्या बाजूने धावत होता, कुठे पाय पडतोय ते बघत. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच पायाखाली बघून चालत होता. शब्द रिकामा परत चालला होता, चारचौघांत शोभा झाली होती, कर्त्या माणसाला त्याने तळवा दाखवला होता. तरी त्याचं काळीज जोरजोरात उडत होतं, आणि ते दुःखाने नव्हतं.

"संध्याकाळच्या आत पोचू का रे?"

"खाली पाणी आपल्या बाजूने आहे," नावाडी म्हणाला. "तिथेच आज तुमचाही पाय दाखवा, दादा. फुकटात दोघांचं होईल."

"दाखवतो, बाबा, दाखवतो! आता कुणाला दाखवायचा राहिलाय?"

वैसाकेला होडीत निजवलं. आपोरोसीने त्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. इंजिन पहिल्यांदा नुसतं खोकलं, दुसऱ्यांदा पेटलं.

"चल गं, बस लवकर!"

माकेरेता काठावरच उभी होती. बोचकं काखेला. तिच्यामागे वाटेवर, थोडी वर, केलेरा आणि लोसाना.

"मी येत नाही."

"म्हणजे?"

"चटई राहिलीय तिची. तिचं मनगट चालत नाही. ती सांगेल तशी मी विणेन. तिची वीण मोकळी आहे, शिकायला वेळ लागेल."

"अगं, पण मुळं कुजताहेत घरी!"

"उलटायला हात आहेत तुम्हाला."

बोचक्याची गाठ जरा सैल झाली होती. चटईच्या आत तिचे कपडे होते. दोन झगे, थंडीची शाल, चष्म्याची डबी. आपोरोसी त्याकडे बघत राहिला. सकाळी तेल चोळत असताना ही हे बांधत होती.

"तुला दात ओळखू आला होता," तो म्हणाला.

"आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर दुसरा शोधला असतात." तिने बोचकं दुसऱ्या काखेला घेतलं. "सव्वीस वर्षं लोकांच्या बायका माघारी आणत फिरलात. माझ्यासाठी कधी एक दात उचलला नाहीत."

"तू कधी गेलीसच कुठे?" आपोरोसी ओरडला. होडी हलायला लागली होती.

"हो ना," माकेरेता म्हणाली. "आता गेले."

दोघांमधलं पाणी रुंद होत गेलं. तिने हात वगैरे काही केला नाही. वळली आणि गुडघे धरत चढ चढायला लागली. केलेराने खाली येऊन डाव्या हाताने तिचं बोचकं घेतलं.

पहिलं वळण मागे पडलं. पुतण्याचा तापलेला पाय त्याच्या मांडीवर जड पडला होता. काठाने पोरं धावत होती, "आपोरोसी आला! आपोरोसी आला!" आणि होडीत कोणती बाई आहे ते वाकून वाकून बघत होती.

"काका," वैसाके डोळे मिटूनच म्हणाला, "काकीला आणायला कोण बोलणार?"

दुसऱ्याची मनधरणी करायला दुसराच जातो, स्वतःसाठी कुणी स्वतः बोलत नाही, अशी रीत होती. आपोरोसीने कोण कोण आहे ते मोजून पाहिलं. त्याच्यासारखं बोलणारा दहा गावांत कुणी नव्हता.

"मीच," तो म्हणाला.

त्याने घसा खाकरला. खळखळाट जवळ येत होता, इंजिनाचा आवाज चढला होता.

"आमच्या माना खाली आहेत," त्याने सवयीने सुरुवात केली आणि थांबला. मांडीवरचा पाय जरा नीट धरला.

"माझी मान खाली आहे," तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला येईना.